तळपायाचं तेल

“घर्षण गतीला विरोध करतं, एवढं तरी पटतं ना वस्ताद?”

ज्ञानू वस्ताद तालमीतली लाल माती पायाने सारखी करत होते. ते थांबले नाहीत.

“पुस्तकात आहे म्हणतोस, तर असेल.”

विचारणारा रणधीर अकरावीला सायन्सला होता. तालमीत तेवढं शिकलेला तोच, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. बाकीचे पैलवान त्याला ‘सायन्स’ म्हणत. चेष्टेने म्हणत, पण त्याला ते आवडायचं.

त्या वर्षी मात्र तो प्रत्येक कुस्ती हरला होता. शनिवारी गावची जत्रा होती. याही वेळी पाठ लागली तर लंगोट खुंटीला लावायचा आणि आपल्या खताच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. त्या दुकानाचा वास त्याला झोपेतसुद्धा यायचा...

म्हणून त्याने एक उपाय शोधला होता. शनिवारचा जोडीदार चपळ होता. त्याच्याहून चपळ व्हायचं, तर आपल्याला मागे धरणारं जे आहे तेच काढून टाकायचं. ओट्यावर बसून, वस्तादांना समजावत समजावत, त्याने दोन्ही तळपायांना तिळाचं तेल चोळलं. चांगलं ओघळेपर्यंत चोळलं.

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

“मग ये इकडं,” ते म्हणाले.

दोघांच्या मध्ये शहाबादी फरशी होती. रोजच्या वावराने गुळगुळीत झालेली.

रणधीर उठला. उजव्या पायावर जोर दिला, पाय मागे गेला. डावा टेकवला, तोही मागे गेला. तो घाई करू लागला. पाय चालत होते, रणधीर तिथेच होता.

जोर काढणारा एक पैलवान अर्ध्यातच थांबला. “सायन्स, लांबचा प्रवास दिसतोय,” तो म्हणाला.

तेवढ्यात रणधीर धपकन बसला.

तालीम हसली. वस्ताद हसले नाहीत. ते जवळ आले.

“लागलं का?”

“नाही.”

“पाय कुठं निघाले होते?”

“मागं.”

“आणि तू?”

“...कुठंच नाही.”

“रोज त्या पायांना मागं कोण जाऊ देत नव्हतं?”

रणधीर आपल्या तळपायांकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणाचे असावेत तसा.

“...घर्षण,” तो म्हणाला. “म्हणजे तेच मला पुढं ढकलत होतं? मग पुस्तक चुकलं?”

“पुस्तक कशाला चुकेल? कुणाच्या गतीला विरोध, ते तू त्याला विचारलं नाहीस.”

वस्ताद मूठभर माती घेऊन आले. गुडघ्यावर हात टेकत सावकाश खाली बसले, आणि त्यांनी रणधीरचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

रणधीरने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. वस्तादांनी आपल्या पायांना हात लावावा, हे त्याला कसंतरीच वाटलं. वस्तादांनी टाच धरून ठेवली. बोटांच्या बेचक्यांतून, लहान मुलाचे पाय पुसावेत तशी माती चोळली.



“पण वस्ताद,” रणधीर म्हणाला. त्याचा आवाज आता लहान झाला होता. “शनिवारी माती त्याच्याही पायाला असणार. मग माझा फायदा काय?”

वस्तादांनी दुसरा पाय मांडीवर घेतला.

“हाच की,” ते म्हणाले. “तो आपोआप घसरणार नाही, नीट उभा राहील... मग तुला त्याला पाडता येईल.”