सुभाना पाया पडायला गेला

ओढ्याकाठच्या एका गावात सुभाना नावाचा एक भोळा गडी होता. आई सांगेल ते तो मनापासून करायचा. गोची एवढीच, की आजचं सांगणं तो उद्याच्या कामाला लावायचा.

एकदा त्याने गुळाची ढेप निमुळत्या बाजूवर उभी केली. ढेप कलंडली ती थेट मांजराच्या शेपटीवर.

"अरे, रुंद बाजू खाली ठेवावी, निमुळती वर!" आई म्हणाली.

"बरं."

दुसऱ्या दिवशी आईने बाटलीत तेल ओतायला सांगितलं. सुभानाने बाटलीवर नरसाळं ठेवलं. रुंद बाजू खाली, निमुळती वर. तेल घरभर झालं, बाटली कोरडीच.

"मेल्या, टोक खाली, तोंड वर!"

"बरं."

मग तो बाजाराला गेला. वाटेत पाऊस आला. सुभानाने छत्री उघडली. टोक खाली, तोंड वर. घरी आला तो चिंब भिजून, पण छत्री काठोकाठ भरलेली.

"एक थेंब सांडला नाही, आई!"

"अरे, पालथी करून डोक्यावर धरायची!"

"बरं."

तेवढ्यात आत्याने त्याच्यासाठी स्थळ आणलं. आई हरखली. तिने आत्याला पातेलंभर खीर पाठवली. सुभाना आत्याच्या दारात पोचला तेव्हा पातेलं डोक्यावर पालथं होतं आणि मिशीला शेवया लोंबत होत्या.

आई रडकुंडीला आली. तिने त्याला शाळेतल्या गुरुजींकडे नेलं. "याला खालचं-वरचं कळत नाही हो. उद्या मुलगी बघायला जायचंय."

गुरुजींनी लाकडी त्रिकोण टेबलावर उभा केला. "बघ, ज्या बाजूवर टेकतो, तो त्याचा पाया. फिरवला, की पाया बदलला. कळलं?"

"कळलं! टेकेल तो पाया."

गुरुजींना वाटलं, सुधारला.

मुलीच्या दारात आईने कानात सांगितलं, "बाकी काही बोलू नकोस. आधी आजोबांच्या पाया पड."

मुलीचे आजोबा ओसरीवर बाजेवर उताणे पडले होते. सुभाना विचारात पडला. टेकलीय पाठ. त्याने आजोबांना पालथं केलं आणि पाठीला हात लावायला वाकला. बघतो तर आता पोट टेकलेलं! पुन्हा उताणं केलं. आता पाठ!

"अरे, हे काय चालवलंयस?" आजोबा ओरडले.

"पाया शोधतोय. सापडला की लगेच पडतो."

पोट, पाठ, पोट, पाठ करत आजोबा बाजेवरून ओसरीवर आले, ओसरीवरून अंगणात. अंगणाला उतार होता. पुढे सुभानाला हातही लावावा लागला नाही.

"सुभाना! पाया पड म्हटलं होतं रे!" आई मागून धावली.

"पडतोय गं! पण त्यांनी थांबायला नको का?"

आजोबा थांबले ते गोठ्यातल्या पेंढ्यात. डोकं आत, पाय आभाळात. तोंडासमोर हलणारे ते दोन्ही पाय सुभानाने अदबीने बाजूला सारले. पेंढ्यात हात खुपसून आजोबांचं टक्कल चाचपलं, त्यावर हात ठेवला आणि आनंदाने ओरडला,

"आई, सापडला! यांचा पाया डोक्यात होता!"