आईच्या कानाला फोन

एका गावात एक भोळा दीर होता. त्याचं नाव सुपडू. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. सांगितलं तेवढं करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. घरच्यांना भीती होती ती त्याचीच.

सुपडूचा मोठा भाऊ धनराज तुरुंगात होता. बाजारात एकानं त्याच्या बैलाला लंगडा म्हटलं. बैल लंगडाच होता. तरी धनराजनं त्या माणसाचं डोकं फोडलं.

ही गोष्ट तुरुंगातही पोचली. तिथले कैदी लंगडत चालून धनराजला चिडवू लागले. धनराजचे हात शिवशिवायचे. पुन्हा मारामारी केली तर सुटका लांबणार होती. त्याची बायको कलाबाई भेटायला जाऊन त्याला समजावून आली. पण धनराज ऐकायचा ते एका आईचंच. आणि आईचे गुडघे गेलेले. तिला एसटीची पायरी चढवत नव्हती.

"मला त्याच्याशी बोलू द्या," आई म्हणायची. "नुसतं एकदा."

तुरुंगात एक सोय होती. घरचा नंबर नोंदवायचा. पोलीस घरी येऊन खात्री करायचा. मग कैद्याला त्या नंबरावर आठवड्यातून एकदा फोन करता यायचा. कलाबाईनं फोन आणला. पण ती दिवसभर केळीच्या बागेत कामाला. फोन सांभाळायला घरी उरला सुपडू.

"भाऊजी," ती म्हणाली, "हल्ली फसवणारे फार झालेत. कुणी नंबर विचारला तर सांगायचा नाही."

"बरं," सुपडू म्हणाला.

दुपारी पोलीस आला.

"धनराजचं घर हेच ना? फोन कुणाकडे असतो?"

"माझ्याकडे."

"नंबर सांगा."

"नाही सांगणार."

"अहो, मी पोलीस आहे."

"ते दिसतंय."

"तुमच्या भावासाठीच विचारतोय."

"भावालाही नाही सांगणार."

पोलिसानं आईकडे पाहिलं. आईनं कपाळाला हात लावला. पोलीस निघून गेला.

संध्याकाळी कलाबाई म्हणाली, "अहो भाऊजी, खाकी कपड्यातल्या माणसाला सांगायचा असतो. त्यानं विचारायचीही वाट बघायची नाही. आपणहून सांगायचा."

"बरं. आता तसंच करतो."

पोलीस पुन्हा आला. तो मोटरसायकलवरून उतरायच्या आतच सुपडूनं नंबर सांगून टाकला. नंबर नोंदवला गेला. आईनं देवापुढे साखर ठेवली.

मग सुपडू आईच्या गुडघ्यांचं तेल आणायला तालुक्याला निघाला. एसटीत कंडक्टर आला. त्याचे कपडे खाकी.

सुपडूनं त्याला नंबर सांगितला.

"कुठं उतरणार?" कंडक्टर म्हणाला.

सुपडूनं पुन्हा नंबर सांगितला. या वेळी जरा मोठ्यानं.

बाजाराचा दिवस होता. गाडी भरलेली. सगळ्यांना वाटलं, एसटीच्या चौकशीचा नवा नंबर आला. ज्याला त्याला तो उपयोगाचा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायला लागला. "चोपड्याची गाडी गेली का हो?" सुपडू फाट्यापर्यंत जायचा, बघायचा आणि सांगायचा, "अजून नाही."

कलाबाईनं हे ऐकलं आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "भाऊजी, अनोळखी आवाज आला की फोन ठेवून द्यायचा. ओळखीचा असेल तरच बोलायचं."

"बरं. आता तसंच करतो."

मग तुरुंगातला फोन आला. आधी एका बाईचा आवाज आला. "हा फोन कारागृहातून आहे. बोलण्यासाठी एक दाबा."

"बाई, मी तुम्हाला ओळखत नाही," सुपडू म्हणाला आणि फोन ठेवला. फोन पुन्हा वाजला. त्यानं पुन्हा ठेवला.

"कुणाचा होता रे?" आईनं विचारलं.

"एक बाई होती. कारागृहातून बोलते म्हणाली."

आई म्हणाली, "अरे, तिच्यामागे धनराज असेल."

"असेल. पण ती आपल्या ओळखीची नाही, आई."

संध्याकाळी कलाबाई म्हणाली, "भाऊजी, ती फोनमधली बाई. आधी ती बोलते, मग हे बोलतात. ती सांगेल तसं करायचं."

"बरं. आता तसंच करतो."

पुढच्या आठवड्यात धनराजच्या फोनच्या दिवशी सकाळीच फोन वाजला. एक बाई बोलली. ती फोनच्या कंपनीची होती. "कृपया लाइनवर थांबा," ती म्हणाली. मागे सनई लागली.

सुपडू थांबला. ऊन अंगणात आलं. आई म्हणाली, "ठेव रे आता. धनराजची वेळ झाली."

"बाईनं थांबायला सांगितलंय."

तो उभ्यानंच जेवला. ऊन अंगणातून गेलं. सनई वाजतच होती. शेवटी फोनचं चार्जिंग संपलं. धनराजची पाळी तर केव्हाच गेली होती.

त्याच आठवड्यात तुरुंगातून निरोप आला. धनराजनं एकाची गचांडी धरली. शिपायांनी वेळेवर सोडवलं. पुन्हा असं झालं तर नवी केस होईल.

कलाबाई त्या दिवशी रागावली नाही. सुपडूसमोर येऊन बसली.

"भाऊजी, आता माझं ऐकू नका. पोलिसाचं ऐकू नका. त्या बाईचंही ऐकू नका. फोन आला की आईंच्या कानाला लावायचा आणि आई सांगतील ते करायचं."

"तुम्ही काही सांगितलं तर?"

"माझंही ऐकायचं नाही."

"बरं. आता तसंच करतो."

तो दिवस आला. आई धुतलेलं लुगडं नेसून सकाळपासून ओट्यावर बसली. काय बोलायचं ते तिनं मनात घोकून ठेवलं होतं. फोन वाजला. सुपडूनं तो तिच्या कानाला लावला. लावायला सांगितलं होतं, म्हणून फोन त्यानंच धरून ठेवला.

"एक दाब म्हणते," आई म्हणाली.

सुपडूनं एक दाबला.

"आई," धनराज म्हणाला.

आईनं पदरानं डोळे पुसले.

"हे बघ बाळा. चिडवतात तर चिडवू दे. तू तिथं बसूच नकोस. काही न बोलता ऊठ आणि तरातरा चालू लाग. लांब जा."

"हो आई," धनराज म्हणाला.

"हो आई," सुपडू म्हणाला.

तो काही न बोलता उठला आणि तरातरा चालू लागला. फोन त्याच्या हातातच होता.

"आई?" फोनमधून धनराज म्हणत होता. "आई, ऐकू येतंय ना? आई, कुठं गेलीस?"

सुपडू बोलला नाही. काही न बोलता जायचं होतं.

गल्लीच्या तोंडाशी कलाबाई भेटली. नवऱ्याचा आवाज ऐकायला ती कामावरून लवकर निघाली होती. "भाऊजी, थांबा. फोन घेऊन कुठं निघालात?"

सुपडू थांबला नाही. तिचं ऐकायचं नाही, हे तिनंच सांगितलं होतं.

काय झालं ते आईला उमगायला वेळ लागला. आता ती ओट्यावरून हाका मारत होती, "सुपडू, थांब रे. माघारी ये." तिचं ऐकून तो तिथल्या तिथं थांबला असता. पण तोवर तो केळीच्या बागा ओलांडून पार शिवेवर पोचला होता. आईचा आवाज तिथवर जायला फोनच हवा होता.

आणि फोन सुपडूकडे होता.