दिराच्या चेहऱ्याचं कुलूप

हौसाक्काचं म्हणणं कुणी खरं मानेना. सहा वर्षांची पुतणी ईरा स्वतःच्या फोनवर भलतंच काही बघून दचकायला लागली होती. पण त्या फोनवर नको ते अडवणारा फिल्टर होता, तिच्या बापानं, हौसाक्काच्या इंजिनिअर दिरानं बसवलेला, त्याचा चेहरा दिसल्याशिवाय न उघडणारा!

"तुझ्याच फोनवर बघितलं असेल. माझ्या लेकावर जळतेस तू! उद्यापासून पोरीला सांभाळू नकोस," सासू कडाडली.

जळत होतीच हौसाक्का. पोर राखायची हिनं, कौतुक त्याचं!

ती सगळ्यांदेखत म्हणाली, "ईरा, बंद केलेलं कसं उघडतेस गं?"

ईरानं आपला फोन बापाच्या तोंडापुढे धरला. तो स्वतःच्या फोनात बुडालेला, "हं, हं" म्हणाला. कुलूप उघडलं.

"भावजी, फोननं तुम्हाला ओळखलं. तुम्हाला मात्र समोरची लेक दिसली नाही!"

सासूनं हौसाक्कावर रोखलेलं बोट लेकाकडे वळवलं.

"दिगंबर!"