यानाउर्कुला शिव्या देण्याची रीत

पेरूच्या उंच पठारावर, यानाउर्कु नावाच्या काळ्या डोंगरासमोर हा सपाट खडक आहे. विकुन्यांचा कळप अडवण्याआधी गावातली एक आई यावर उभी राहून डोंगराला शिव्या देते. ज्याला देव मानायचे त्यालाच शिव्या का, असे पाहुणे विचारतात. पटेल असे उत्तर निदान मला तरी सापडलेले नाही. जुने लोक सांगतात ते असे.

विकुन्या म्हणजे लामा या उंच मानेच्या, लोकरीच्या पाळीव जनावराचा रानटी भाऊबंद. त्याच्या लोकरीइतकी ऊब कशात नाही, पण तो माणसाळत नाही. तो डोंगराचा कळप मानतात. पूर्वी लोक त्याला मारूनच लोकर घेत.

एका वर्षी हिमाने गावचे पाळीव लामा मेले. चास्का नावाच्या बाईचे तान्हे मूल थंडीने निळे पडू लागले. तिचा नवरा सायरी याने गाव गोळा केले. हातात हात गुंफून माणसांनी कळपाला वेढा घातला. सायरीने डोंगराला कोकाची पाने वाहिली, लोटांगण घातले, गोड शब्दांत विनवले. कळप वेढा फोडून पळाला. पुन्हा वेढा, पुन्हा विनवणी, पुन्हा तेच. पुढच्या खेपेला तर विनवणी संपायच्या आतच कळप निघून गेला, म्हणे.

तेव्हा मुलाला छातीशी धरून चास्का या खडकावर चढली.

"अरे थेरड्या! स्वतः बर्फाची गोधडी पांघरून बसलास, आणि माझ्या लेकराला मूठभर लोकर देताना तुझा हात आखडतो?"

"हळू बोल, तो ऐकेल," सायरी घाबरून म्हणाला.

"ऐकू दे की! तुझं गोड बोलणं ऐकलं का त्यानं? ए कंजूष! रक्त नको, कातडं नको. लोकर उतरवू आणि तुझी जनावरं तुला परत सोडू. आता तरी हल!"

वारा पडला. पळणारा कळप वळला आणि आपणहून वेढ्यात येऊन उभा राहिला, असे सांगतात. लोकर उतरवून झाल्यावर एक भुकेला गडी कुरकुरला, "एवढं धावलो, निदान एकाचं मांस तरी?"

"मग पुढच्या वर्षी तू चढ खडकावर," चास्का म्हणाली. सगळी जनावरे सुटली. मूल लोकरीत गुंडाळले गेले, आणि जगले.

आजही विकुन्याला मारत नाहीत. लोकर घेऊन सोडतात. आजही कित्येकदा कळप वेढा फोडून जातो, दिवसभराची दमछाक वाया जाते. अशा वेळी डोंगराला कोणी दोष देत नाही. धापा टाकत सगळे खडकावरच्या बाईकडे वळतात आणि वैतागून म्हणतात, "बाई, तू फार गोड बोललीस."