वाढत्या अंगाची फळी

फार पूर्वी, जिथं दसऱ्याला पडलेला बर्फ होळीपर्यंत हलत नसे, अशा एका डोंगरावर एक गाव होतं. शाळा होती खालच्या वाडीत. थंडीत पायवाटा बुजून जायच्या, मग मुलं लाकडी फळीवर उभी राहून घसरत शाळेला जायची.

फळी सुतार करायचा. मुलाला भिंतीशी उभं करायचा, हनुवटीपाशी रेघ ओढायचा आणि तेवढीच कापायचा.

त्या गावात एक आई होती. तिला एकच मुलगी, सात वर्षांची, काडीसारखी. पोर नुसती शिंकली तरी आई तिला दोन दिवस घराबाहेर सोडायची नाही. परकर असो, चपला असोत, लेकीचं सगळं ती वाढत्या अंगाचं घ्यायची. फळी करायची वेळ आली तेव्हाही म्हणाली, "दादा, चांगली वीतभर मोठी ठेवा. पोर वाढतेय. आणि मोठी असली म्हणजे आधारही जास्त."

"ताई, परकर मोठा झाला तर टीप मारता येते. फळीला कुठं टीप मारणार? पोरीच्या वजनानं ती वळायला नको का?"

"तुमचं बरंय! दरवर्षी नवी फळी करायला मिळेल तुम्हाला."

सुताराला ते लागलं. त्यानं सांगितली तशी फळी करून दिली.

मुलीनं अंगणात दोनदा घसरून पाहिलं. "आई, ही माझं ऐकतच नाही गं."

"होईल सवय. चपलांची नाही का झाली?"

"चपला फटक फटक करतात, पण थांबतात तरी."

"फार बोलायला लागलीस! जा, सगळे निघाले बघ."

घराखालच्या उतारावर एका देवदाराच्या झाडापाशी वाट डावीकडे वळत होती. सरळ गेलं की कडा. एकेक मूल वाकलं, वळलं, दिसेनासं झालं. शेवटी या आईची मुलगी. तीही वाकली. सगळं अंग टाकून वाकली. फळी मात्र सरळच गेली.

आई वरून ओरडत राहिली. त्या ओरडण्याचा काय उपयोग?

माणसं दोर लावून उतरली. मुलगी जिवंत सापडली, पण दोन्ही पाय कायमचे गेले. वैद्य आले, पाला बांधला, अंगारे झाले. पाय हलले नाहीत.

सुतार दारात येऊन उभा राहिला. "मीच अडून बसायला हवं होतं, ताई," एवढंच म्हणाला. आईला त्याच्यावर रागावायचीही सोय उरली नव्हती.

बर्फ वितळला. एकदा आई मुलीची वेणी घालत होती. मुलगी हळूच म्हणाली, "आई, चुकलं माझं. मी जरा लवकर मोठी झाले असते, तर तू दिलेली फळी वळली असती ना गं?"

आईच्या हातातली वेणी सुटली. ती तिनं पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

तात्पर्य एवढंच: लेकराला आज आहे त्याच मापाचं द्यावं. उद्याच्या मापाचं ओझं त्याला आज पेलत नाही, आणि पेललं नाही की ते स्वतःलाच दोष देतं.