सभापतींचे दोन शब्द

आंबेसावळी गावाच्या नशिबी नदीचं गढूळ पाणी. अंगणवाडीच्या कौसाबाईंनी त्यावर उपाय काढला. शेवग्याच्या वाळक्या बिया कुटून पाण्यात ढवळायच्या, गाळ तळाला बसला की वरचं पाणी गाळून उकळायचं. हे शिकायला शेजारच्या गावांतल्या बायकाही येऊ लागल्या.

सभापती रणधीररावांना ते खुपलं, कारण त्यांना गावाच्या गळ्यात पाणी शुद्ध करायचं एक महागडं यंत्र मारायचं होतं. एकदा बायकांचा वर्ग भरलेला असतानाच ते माईकसकट हजर झाले. नदीचं पाणी मागवून त्यांनी काचेच्या बरणीत ओतलं.

"बाई, मी फक्त दोन शब्द बोलणार आहे. मी खाली बसेपर्यंत हे निवळलं तर वर्ग चालू, नाहीतर आजपासून बंद!"

कौसाबाईंनी पदर खोचला, कुटलेल्या बिया बरणीत ढवळल्या आणि अदबीनं म्हणाल्या, "बोला साहेब. सावकाश बोला."

साहेबांनी स्वतःच्या बालपणापासून सुरुवात केली. ते यंत्रापर्यंत पोचले तेव्हा ओट्यावरचं ऊन अंगणात उतरलं होतं. "एवढे दोन शब्द बोलून थांबतो," म्हणत ते बसले, तर बरणीच्या आरपार त्यांना पलीकडच्या बायका हसताना स्वच्छ दिसल्या.

"किती वेळ लागला याला?" ते पुटपुटले.

"दोन तास, साहेब. घड्याळ नसलेल्या बायका नेहमी विचारायच्या, पाणी किती वेळ ठेवायचं? आता सांगेन, सभापतींचे दोन शब्द होईपर्यंत!"