कणसांचे केस

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा राहत होता. मनाने वाईट नव्हता हो, पण नटण्याची हौस दांडगी! एका सणाला त्याने मक्याच्या कोवळ्या कणसांचे रेशमी केस उपटवले आणि हत्तींच्या झुलींना त्यांचे गोंडे लावले. कणसांत दाणाच भरला नाही. पोरंबाळं उपाशी निजली. त्या मक्याच्या रानाची राखण करणारी जादूगारीण कणसाई कडाडली, "माझ्या लेकींची कूस बंद केलीस. तुझ्या देहातलं पाणी बंद!"

झालं! राजाची लघवी अडली. अंग सुजलं, ओटीपोटात कळा येऊ लागल्या. लाजेपायी वैद्यांना सांगे, "डोकं दुखतं." वैद्य बिचारे कपाळाला लेप लावत बसले! शेवटी राणी इंदुलेखेने दटावलं, तेव्हा खरं काय ते बोलला. आता याचा जीव जाणार, या भयाने ती तडक कणसाईच्या रानात गेली.

"आई, उतारा दे."

"उतारा त्याच केसांचा काढा. पण आधी तीन कामं कर."

पहिलं काम राघूंना हाकलायचं, तेही गोफणीवाचून. राणीने त्यांना बांधावरची बाजरी देऊन टाकली. राघू खूश! दुसरं, साऱ्या रानाला पाटाचं पाणी द्यायचं. राजवाड्यातली बाई ती, पण फावडं घेऊन चिखलात उभी राहिली. हातांना फोड आले.

"आता तिसरं, केस आण," कणसाई म्हणाली.

राणी धावली. नव्या कणसांच्या कोवळ्या केसांची मूठ धरली, तोच एक राघू बोलला, "राणी, एकेक केस म्हणजे एकेक दाणा. आत्ता ओढलेस तर कणीस पोचट."

"दाणे कधी भरतील?"

"पंधरवड्याने."

"तोवर राजा?"

राघू भुर्रकन उडून गेला.

राणीने मूठ सोडली आणि हमसून हमसून रडली. मग रिकाम्या हातांनी कणसाईपुढे गेली. "दाणे भरू देत, आई. नवऱ्यासाठी जीव तुटतो गं, पण पुन्हा पोरं उपाशी नकोत."

कणसाईचे डोळे भरून आले. तिने टाळी वाजवली. सारी कणसं दाण्यांनी भरली आणि त्यांनी आपले केस आपणच राणीच्या ओच्यात टाकले.

राणीने ते पाण्यात उकळले, गाळून काढा कोमट केला, राजाला पाजला. थोड्याच वेळात राजा न्हाणीघराकडे धावला. बराच वेळ बाहेरच येईना! राणी दाराशी देवाचं नाव घेत उभी. आला तो रडतच, आणि तिचे हात त्याने कपाळाला लावले.

त्या दिवशी नगारे वाजले. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही, पण साऱ्या प्रजेला कळलं! राजाचं अडलेलं जसं मोकळं झालं, तसं ऐकणाऱ्यांचंही होवो.